श्रीखंडाच्या डब्यातली उसळ

आमच्या फ्रिजमध्ये श्रीखंडाचा डबा दिसला म्हणून कुणी हुरळून जात नाही. आत बहुधा कालची उसळ असते. व्हिडिओ फाइलच्या नावामागे लागणारं एमपी४ किंवा एमकेव्ही हेही असंच डब्याचं नाव.

या डब्यात चित्र वेगळं, आवाज वेगळा, सबटायटल्स वेगळी आणि कोणत्या क्षणी काय दाखवायचं याची एक यादी असते. चित्र किंवा आवाज दाबून लहान करायची पद्धत म्हणजे कोडेक. एमपी४मध्ये २००३ साली आलेला एच.२६४ हा चित्राचा कोडेक असेल तर फाइल जवळपास कुठेही चालते. २०१३चा एचईव्हीसी असेल तर जुना टीव्ही हात वर करतो. पेनड्राइव्ह लावला, चित्र दिसतंय पण आवाज नाही, असं झालं तर टीव्हीला बहुधा आतला आवाजाचा कोडेक कळलेला नसतो. अशा वेळी फाइलचं नुसतं नाव बदलून बघणारे मी पाहिलेत. उसळीवर बासुंदीची चिठ्ठी!

ती यादी मात्र फार मोलाची. एमपी४मध्ये ती सहसा रेकॉर्डिंग थांबवताना लिहिली जाते. मुंजीत मोबाइलची बॅटरी ऐन मातृभोजनात संपली, तर तोवरचं चित्रण फाइलमध्ये असूनही ती उघडत नाही.

याउपर कुलूप. अमेरिकेतल्या मावशीने आणलेली डीव्हीडी आमच्या प्लेअरने नाकारली, कारण डीव्हीडीसाठी जगाचे विभाग पाडलेले होते आणि प्लेअर आपल्याच विभागाची डीव्हीडी चालवायचा. अमेरिकेचा विभाग १, भारताचा ५. कॉम्प्युटरच्या ड्राइव्हमध्ये विभाग बदलता यायचा, पण सहसा पाचदाच. शेवटचा विभाग कायमचा चिकटायचा.

विभागाखेरीज डीव्हीडीवर सीएसएस नावाचं सांकेतिक कुलूपही असे. त्याची किल्ली अवघी ४० बिटांची, म्हणजे साधारण १.१ लाख कोटी शक्यता. कुलपाची घडणच कच्ची, त्यामुळे तेवढ्याही तपासाव्या लागत नव्हत्या. किल्ल्या फक्त परवानाधारक कंपन्यांकडे, त्यामुळे विंडोजऐवजी लिनक्स ही कॉम्प्युटर-प्रणाली वापरणाऱ्याने पैसे मोजून घेतलेली डीव्हीडीसुद्धा त्याच्याकडे चालेना. १९९९मध्ये हे कुलूप उघडणारा डीसीएसएस प्रोग्रॅम पसरला. खटला झाला तो बनवणाऱ्यांपैकी एक, नॉर्वेच्या योन लेक योहानसेनवर. प्रोग्रॅम आला तेव्हा तो १५ वर्षांचा होता. २००३मध्ये तो निर्दोष सुटला. स्वतः विकत घेतलेली डीव्हीडी बघायला कुलूप उघडणं न्यायालयाला गुन्हा वाटला नाही.