मुलींच्या कॉलेजचा खर्च : फीच्या आधीचा आणि फीनंतरचा

८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानंतर 'मुलींना उच्च शिक्षण मोफत' असे मथळे झळकले. निर्णयाचा मजकूर त्या मथळ्याएवढा ऐसपैस नाही. व्यावसायिक अभ्यासक्रमाला कॅप फेरीतून, म्हणजे सरकारच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, प्रवेश मिळालेल्या, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असलेल्या ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) आणि ओबीसी मुलींना आधी ५० टक्के फी माफ होती, ती १०० टक्के माफ झाली. माफ झालं ते शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क. अनुसूचित जाती-जमातींच्या मुलींची फी भारत सरकार शिष्यवृत्तीतून किंवा फ्रीशिपमधून आधीपासूनच भरली जात होती. मॅनेजमेंट कोट्यातल्या मुली या निर्णयात नाहीत. आणि वसतिगृह, मेस, अनामत रक्कम, बसभाडं यातलं काहीच नाही.

निर्णय चांगलाच आहे, त्याबद्दल वाद नाही. पण मुलीच्या पदवीसाठी पैसा कुठून आला आणि तो नेमका कशावर खर्च झाला, हा इतिहास महाराष्ट्रात दीडशे वर्षांचा आहे. तो पाहिला तर २०२४ चा निर्णय कुठे पुढे गेला आणि कुठे जुन्या माणसांच्याही मागे राहिला, हे कळतं.

विद्येसाठी पैसे द्यायची चाल आपल्याकडे जुनी. पेशवाईत श्रावणात पुण्याला ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जायची, त्याला रमणा म्हणत. इंग्रजांनी तो खर्च कमी करत आणला आणि त्यातला काही भाग पुस्तकांची बक्षिसं, कॉलेजातल्या दक्षिणा फेलोशिप अशा कामांकडे वळवला. न्यायमूर्ती रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे दोघेही दक्षिणा फेलो होते. जोतीराव फुल्यांच्या शाळांनाही याच फंडातून मदत मिळाली. श्रावणातल्या रमण्याचा पैसा महार-मांगांच्या शाळेत पोचला, ही उलथापालथ लहान नव्हे. कॉलेजात शिकणाऱ्या बाईसाठी मात्र या फंडात काही नव्हतं, कारण कॉलेजात बाईच नव्हती. मुंबई विद्यापीठाने स्त्रियांना परीक्षांची दारं उघडली ती १८८३ मध्ये.

त्याच वर्षी आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून अमेरिकेला निघाल्या. प्रवासखर्चासाठी त्यांनी सोन्याच्या बांगड्या विकल्या. पुढे काही देणग्या मिळाल्या, अमेरिकेत त्यांच्या हितचिंतक कार्पेंटरबाईंनी घरात ठेवून घेतलं आणि १८८६ मध्ये त्या एम.डी. झाल्या. पहिल्या पिढीतल्या बऱ्याच जणींचं अर्थकारण थोडंफार असंच होतं : अंगावरचं सोनं, एखादा उदार माणूस आणि राहायला एखादं घर.

सरकारी शिष्यवृत्ती मिळवायला निघालेल्या बाईचं काय झालं, ते कॉर्नेलिया सोराबजींच्या बाबतीत दिसलं. जन्म नाशिकचा, १८६६ चा. वडील पारशी, पण ख्रिस्ती झालेले. आई पुण्यात शाळा चालवायची. कॉर्नेलिया पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकत होत्या आणि वर्गात एकट्या मुलगी होत्या. पोरं त्यांच्या तोंडावर वर्गाचं दार लावून घ्यायची. १८८७ च्या पदवी परीक्षेत त्या मुंबई इलाख्यात पहिल्या आल्या. पहिल्या येणाऱ्याला इंग्लंडला जाऊन शिकण्यासाठी सरकारी शिष्यवृत्ती मिळायची. ती त्यांना नाकारली गेली. कारण एकच : उमेदवार बाई आहे. मुलगी पहिली येईल, असं नियम करणाऱ्यांच्या बहुधा ध्यानीमनीही नसावं.

प्रकरण थेट ब्रिटिश पार्लमेंटात गेलं, तिथे प्रश्न विचारला गेला, पण निर्णय फिरला नाही. कॉर्नेलिया अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात शिकवू लागल्या. म्हणजे पुरुष विद्यार्थ्यांना शिकवायला त्या चालत होत्या! मग लेडी हॉबहाउस यांनी वर्तमानपत्रात पत्र लिहून वर्गणी मागितली. देणाऱ्यांत फ्लॉरेन्स नाइटिंगेलही होत्या. त्या वर्गणीवर कॉर्नेलिया १८८९ मध्ये ऑक्सफर्डच्या सॉमरविल कॉलेजात दाखल झाल्या. १८९२ मध्ये कायद्याच्या बी.सी.एल. परीक्षेला बसणाऱ्या त्या पहिल्या बाई. पदवी हातात पडली १९२२ मध्ये, कारण स्त्रियांना पदवी द्यायला ऑक्सफर्डच १९२० पर्यंत तयार नव्हतं.

१८९२ मध्ये जमशेटजी टाटांनी परदेशी शिक्षणासाठी जे.एन. टाटा एंडाउमेंट सुरू केलं. ते दान नव्हतं, कर्ज होतं : शिकून या, कमवा, फेडा, म्हणजे तोच पैसा पुढच्याला मिळेल. त्याच्या सुरुवातीच्या लाभार्थींमध्ये दोन स्त्री डॉक्टर होत्या, फ्रेनी कामा आणि कृष्णाबाई केळवकर. कृष्णाबाई पुढे कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात नावारूपाला आल्या. सरकारी खजिन्याला जे जमत नव्हतं ते एका व्यापाऱ्याच्या ट्रस्टला जमलं. बाई शिकली तर कमवेल आणि कमवेल तर कर्ज फेडेल, हा साधा हिशेब तिथे मान्य होता.

पण या एकट्यादुकट्या, विलक्षण हुशार बायकांच्या गोष्टी झाल्या. सर्वसाधारण घरातल्या, त्यातही विधवा झालेल्या मुलीला शिकवायचं तर फीचा प्रश्न पुढचा. आधी तिने राहायचं कुठे आणि तिला जेवू कोण घालणार? धोंडो केशव कर्व्यांनी १८९६ मध्ये काढला तो आश्रम, शाळा नंतर आली. पुण्याजवळ हिंगण्याच्या माळावर झोपडी उभी राहिली, अण्णासाहेब दिवसा फर्ग्युसनमध्ये गणित शिकवायचे आणि संध्याकाळी हिंगण्याला पायी जायचे. पैसा गावोगाव हिंडून जमा केला जाई. संस्थेचा भाऊबीज निधी हा त्यातलाच प्रकार : दिवाळीत घरोघर जाऊन, आश्रमातल्या बहिणींची ओवाळणी म्हणून, चार आणे-आठ आणे मिळतील ते गोळा करायचे. कर्व्यांच्या मेहुणी पार्वतीबाई आठवले तर इंग्रजी शिकायला आणि निधी जमवायला थेट अमेरिकेला गेल्या आणि तिथे लोकांच्या घरी कामं करून राहिल्या. विधवा, वय चाळिशीच्या पुढे, इंग्रजी जेमतेम. आजच्या फंडरेझिंगवाल्यांनी त्यांचा अनुभव जरूर वाचावा.

१९१६ मध्ये कर्व्यांनी महिला विद्यापीठ सुरू केलं. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १५ लाख रुपये देऊ केले आणि विद्यापीठाला त्यांच्या मातोश्रींचं, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचं नाव मिळालं. तेच आपलं एसएनडीटी. पैसा आला तरी सरकारमान्यता यायला १९५१ उजाडलं. तोवर 'गृहीतागमा' ही पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या मुलींना नोकरीच्या ठिकाणी ही पदवी काय भानगड आहे, हे समजावत बसावं लागे.

साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांचं बोर्डिंगही याच समजुतीवर उभं होतं की गरिबाच्या पोराला पुस्तकाआधी भाकरी लागते. बोर्डिंगात धान्य संपलं तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी दागिने दिले आणि शेवटी मंगळसूत्रही दिलं. बाईच्या सोन्यावर मुलं शिकली, हे आपण अभिमानाने सांगतो. त्या काळात त्याच सोन्यावर किती मुली शिकल्या, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही.

राहण्याखाण्याचा खर्च हा शिक्षणाचाच खर्च आहे, हे सरकारी योजनेत आलं ते १९४४ मध्ये, अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली तेव्हा. बाबासाहेब आंबेडकर तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते. ते स्वतः १९१३ मध्ये सयाजीराव गायकवाडांनी मंजूर केलेल्या दरमहा साडेअकरा पौंडांवर कोलंबियाला शिकले होते. म्हणजे परमुलखात खोली आणि जेवण यांना काय पडतं, ते त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती. या शिष्यवृत्तीत फीबरोबर निर्वाह भत्ता आहे, आणि वसतिगृहात राहणाऱ्याचा दर घरून येणाऱ्यापेक्षा जास्त आहे. रकमा वर्षानुवर्षं तुटपुंज्या राहिल्या, ती वेळेवर येत नाही ही ओरडही जुनीच. तरी तिची रचना शहाणपणाची आहे.

बाकीच्यांसाठी महाराष्ट्रात ईबीसी, म्हणजे आर्थिकदृष्ट्या मागासांसाठीची फीसवलत आली. यशवंतराव चव्हाणांच्या काळात, बाळासाहेब देसाई शिक्षणमंत्री असताना, वार्षिक १२०० रुपयांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलामुलींना फी माफ झाली. खेड्यातली आजची निवृत्त पिढी 'मी ईबीसीवर शिकलो' असं सांगते, ती हीच. यात मुलींसाठी वेगळं काही नव्हतं. सवलत घराच्या उत्पन्नावर होती, आणि तालुक्याच्या कॉलेजात कोणाला धाडायचं ते घरच ठरवायचं. फी माफ असूनही मुलगा जायचा आणि मुलगी चुलीपाशी राहायची, कारण तिच्या बाबतीत अडचण फीची नव्हतीच. पाठवायची कशी आणि ठेवायची कुठे, ही होती.

१९८० च्या दशकात दोन गोष्टी जवळजवळ एकाच वेळी घडल्या. बारावीपर्यंत मुलींचं शिक्षण राज्यात मोफत झालं. आणि १९८३ मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदान तत्त्वावर इंजिनीअरिंग आणि मेडिकल कॉलेजं काढायला परवानगी दिली. पहिल्या निर्णयाने मुली बारावीपर्यंत आल्या. दुसऱ्याने बारावीनंतरची पायरी इतकी उंच केली की ती चढायला लाखांत पैसे लागू लागले. कॉलेजं खेडोपाडी पोचली, जागा वाढल्या, हे खरंच. पण ज्या घरात दोन पोरं आणि एकाचीच फी परवडते, तिथे निवड कोणाची होते, हे वेगळं सांगायला नको. पुढे फी ठरवायचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, उन्नीकृष्णन आणि टी.एम.ए. पै ही प्रकरणं गाजली, शुल्क समित्या आल्या. सरकारची सवलत म्हणजे आता खासगी संस्थेला फीची भरपाई, असं तिचं रूप झालं. ही भरपाई रखडली की संस्था विद्यार्थ्याच्या मागे लागते. अनेक मुलींनी परीक्षेच्या हॉल तिकिटासाठी ऑफिसच्या खिडकीपाशी हेलपाटे घातले ते यामुळेच.

यानंतरचा काळ योजनांच्या नावांचा आहे. १९९४ मध्ये राज्याचं पहिलं महिला धोरण आलं. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०१४ मध्ये मुलींसाठी प्रगती शिष्यवृत्ती काढली. ती वर्षाला ५० हजारांची आणि एका घरातल्या दोन मुलींपर्यंत मिळते. पुण्यात लीला पूनावाला फाउंडेशनसारख्या संस्थांनी खासगी बाजूने मोठं काम केलं. २०१६ च्या मराठा मोर्चांनंतर ईबीसीची उत्पन्नमर्यादा आधी ६ आणि पुढे ८ लाखांवर गेली आणि योजनेला राजर्षी शाहू महाराजांचं नाव मिळालं. मग शिष्यवृत्तीचे अर्ज ऑनलाइन घेणारं महाडीबीटी पोर्टल आलं. सुरुवातीला ते इतकं कोलमडलं की अर्ज पुन्हा कागदावर घ्यायची पाळी आली. २०२४ चा निर्णय म्हणजे या रांगेतलं पुढचं पाऊल : ५० चे १०० टक्के झाले, तेही फक्त मुलींसाठी. घराच्या उत्पन्नावरची सवलत पहिल्यांदाच या प्रमाणात मुलीच्या नावाने झाली, हे तिचं खरं वेगळेपण. 'मुलाची फी भरावी लागेल, मुलीची नाही' हे वाक्य घराघरात बोललं जाऊ लागलं. एरवी ते कायम उलटं असायचं.

आता फीनंतरचं. गावातल्या मुलीला एसटीचा अहिल्याबाई होळकर पास मोफत असतो, पण तो बारावीपर्यंतच. कॉलेज सुरू झालं की सवलतीचा पास पैसे भरून काढायचा. शहरात शिकायचं तर कॉट बेसिसवर जागा, डबा, अनामत. यासाठी वेगवेगळ्या खात्यांच्या वेगवेगळ्या योजना आहेत आणि कोणती मुलगी कुठल्या खात्याकडे जाणार ते तिच्या जातीच्या दाखल्यावर ठरतं. अनुसूचित जातींसाठी २०१६-१७ पासून स्वाधार आहे, आदिवासी विद्यार्थ्यांसाठी स्वयम, अल्पभूधारक आणि मजुरांच्या मुलांसाठी पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता. ओबीसी आणि भटक्या-विमुक्तांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. नाव सावित्रीबाईंचं असलं तरी ती मुलं आणि मुली दोघांसाठी आहे. मुंबई-पुण्यासारख्या शहरात तिच्यात वर्षाला ६० हजार मिळतात : जेवणाचे ३२ हजार, राहण्याचे २० हजार, निर्वाहाचे ८ हजार. शैक्षणिक वर्ष दहा महिन्यांचं धरलं तर खोलीला महिना दोन हजार पडतात. पुण्यात कॉट शोधलेल्या कोणालाही विचारा, एवढ्यात काय मिळतं ते.

शासकीय वसतिगृहात नंबर लागला नाही त्यांच्यासाठी ही योजना आहे, आणि एका जिल्ह्याला ६०० विद्यार्थी, राज्यभरात २१,६०० अशी तिची मर्यादा ठरलेली आहे. फीमाफीला अशी मर्यादा नाही.