लांबी तेवढीच, माणसं दीडपट

प्रवासी वाढले की फेऱ्या वाढवा, असं सांगणारे कोल्हापुरात गल्लोगल्ली भेटतात. वडापचा, म्हणजे माणसं भरून नेणाऱ्या शेअर गाड्यांचा, धंदा तसाच चालतो. एक गाडी भरली की दुसरी लागते. कोल्हापूर-मुंबई विमानाला ते जमत नाही. मुंबईच्या जुन्या विमानतळावरच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात. एका वेळी एकच वापरता येते, त्यामुळे तिथे उतरायची वेळ मिळणं मुश्कील. मग मिळालेल्या वेळेत जास्त माणसं न्यायची, तर विमानच मोठं हवं.

घोडावत समूहाच्या स्टार एअरने 2019 मध्ये 50 आसनी एम्ब्राएर 145 विमानांनी सुरुवात केली. 2023 मध्ये 76 आसनी एम्ब्राएर 175 आली. गंमत म्हणजे हे मोठं विमान जुन्यापेक्षा दोन मीटरही लांब नाही. वाढली ती रुंदी. 145 मध्ये मधल्या वाटेच्या एका बाजूला एक खुर्ची, दुसरीकडे दोन. 175 मध्ये दोन-दोन. पायलट तेवढेच, दोन. केबिन क्रू मात्र एकाचे दोन होतात, कारण 50 आसनांमागे एक असा नियम आहे. (जगात बरोबर 50 खुर्च्यांची इतकी विमानं का, याचं एक कारण हेच.)

आता वजन बघा. उड्डाणाच्या वेळी 145 जास्तीत जास्त 22 टनांच्या आसपास, 175 तब्बल 38 च्या. माणसं दीडपट, वजन पावणेदोनपट! आणि उजळाईवाडीची, म्हणजे कोल्हापूर विमानतळाची, धावपट्टी सुमारे 1,900 मीटर, तीही समुद्रसपाटीपासून 600 मीटर उंचीवर. एप्रिलच्या दुपारी पारा 35 वर गेला की इथली हवा, समुद्रकाठच्या 15 अंशांच्या हवेपेक्षा, साधारण 13 टक्के विरळ असते. पंखांना तेवढीच उचल मिळायला वेग सात टक्के जास्त लागतो, आणि इंजिनालाही हवा कमी मिळून जोर घटतो. दोन्हीकडून धाव लांबते.

सुटका इंधनात आहे. मुंबई हवाई मार्गाने जेमतेम 300 किलोमीटर. टाक्या काठोकाठ भरायची गरजच नाही. काही टन असे वाचतात. लांबच्या शहराला थेट जायचं तर ही सोय उरत नाही, मग उन्हाळ्यात सकाळची वेळ गाठावी लागते किंवा खुर्च्या रिकाम्या ठेवाव्या लागतात.

पावसाळ्यात हवा गार होते, पण तेव्हा अडचण उतरताना. ओल्या धावपट्टीवर ब्रेक कमी धरतात, म्हणून कोरड्या दिवसापेक्षा 15 टक्के जास्त लांबी हिशेबात धरावीच लागते.