मिनेसोटातल्या सोमाली कुटुंबांसाठीचा सरकारी निधी

अमेरिकेत मिनेसोटा राज्यात, त्यातही मिनियापोलिसमध्ये, सोमालियातून आलेल्या कुटुंबांसाठी आणि त्यांच्या मुलांसाठी बरेच कार्यक्रम चालतात: शाळा सुटल्यावरची शिकवणी, इंग्रजीचे वर्ग, पोरांना उन्हाळ्यात काम मिळवून देणं, आईबापांना शाळेतून आलेलं पत्र वाचून समजावणं. यासाठी येणारा सरकारी पैसा एका खात्यातून, एका नावाने कधीच येत नाही, आणि सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

१९९१ मध्ये सोमालियाचा हुकूमशहा सियाद बर्रेची राजवट कोसळली, यादवी पेटली, लोक केनियातल्या दादाबसारख्या छावण्यांत जाऊन पडले आणि त्यातले काही निर्वासित म्हणून अमेरिकेत पोचले. एवढ्या थंडीत मिनेसोटाच का? तर काम. टर्कीचं मांस कापायच्या कारखान्यांत इंग्रजी न येणाऱ्यालाही नोकरी लागायची, आणि एक जण टिकला की मागून भाऊ, मेव्हणा, गाववाले, गिरणगाव ज्यांना माहीत आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. मिनियापोलिसच्या सीडर-रिव्हरसाइड भागातले रंगीत चौकोनांचे उंच टॉवर म्हणजे रिव्हरसाइड प्लाझा, त्या परिसराला लोक लिटल मोगादिशूच म्हणतात.

पैशाची मूळ चौकट १९८० च्या निर्वासित कायद्यातली. सुरुवातीचे साधारण ९० दिवस परराष्ट्र खात्याचा पैसा असायचा, तो पुनर्वसन संस्थेला माणशी मिळायचा. त्यानंतर आरोग्य खात्यातलं निर्वासित पुनर्वसन कार्यालय. तिथून मिळणारी रोख मदत मुख्यतः लहान मुलं नसलेल्यांना, मुलंबाळं असलेलं कुटुंब बहुतेक वेळा राज्याच्या नेहमीच्या कल्याण योजनेत जातं. या रोख मदतीची मुदत ८ महिने होती, २०२२ मध्ये १२ केली, २०२५ मध्ये थेट ४ वर आणली. आणि येतानाच्या विमान तिकिटाचं कर्ज हप्त्याहप्त्याने फेडायचं असतं, बिनव्याजी असलं तरी फेडायचंच, त्यामुळे 'सगळं फुकट मिळतं' म्हणणाऱ्यांना हे जरूर सांगावं.

पण मुलांचे प्रश्न ९० दिवसांत संपत नाहीत, बरेचदा तेव्हा सुरू होतात. त्यासाठी वेगळी अनुदानं: शाळांवर पडणाऱ्या भाराचं वेगळं, त्या त्या समाजाच्या स्वतःच्या संस्थांसाठी वेगळं, शाळेनंतरच्या वर्गांसाठी केंद्रीय शिक्षण खात्याचं वेगळं, वर राज्य, काउंटी आणि शहराचं थोडं थोडं. छोटी संस्था असे पाच-सहा तुकडे शिवून वर्ष काढते आणि प्रत्येक तुकड्याचा फॉर्म वेगळा, तारीख वेगळी.

त्यात बरीचशी अनुदानं आधी खर्च करा, मग क्लेम लावा अशी. म्हणजे शिक्षकाचा पगार, जागेचं भाडं, पोरांच्या सांबुसाचे (म्हणजे सोमाली सामोशाचे) पैसे आधी खिशातून, आणि मंजुरीपत्र भिंतीवर लावलं तरी पैसा जमा व्हायला महिने. ज्यांच्या खात्यात शिल्लक आहे अशा मोठ्या संस्थांना हे परवडतं, दोन खोल्यांत चालणाऱ्या संस्थेला नाही, म्हणून ती मोठ्या संस्थेच्या छत्राखाली जाते आणि ती मोठी संस्था आपला वाटा कापून घेते. केंद्रीय अनुदानात ऑफिसच्या वरखर्चासाठी वेगळा दर मंजूर करून न घेता जो ठरावीक दर हक्काने लावता येतो तो बरीच वर्षं १० टक्के होता, ऑक्टोबर २०२४ पासून १५ झाला.

हजेरीपत्रकाची तर वेगळीच कथा. सोमाली नावात आडनाव नसतं, स्वतःचं, बापाचं आणि आजोबाचं अशी तीन नावं, त्यामुळे एका वर्गात तीन मोहम्मद अली सहज निघतात आणि स्पेलिंग दर कागदावर निराळं. वर ज्यांची जन्मतारीख कुठे नोंदलेली नव्हती त्यांची सरसकट १ जानेवारी टाकलेली. बाहेरून आलेल्या तपासनिसाला यादी बघून शंका येऊ शकते, आपल्याकडे मात्र गुरुजींनी १ जून लावलेली अर्धी पिढी आहे, आपल्याला नाही येणार.

पैशाला नाव कुठलं लावलंय हे किती महत्त्वाचं असतं ते दहशतवादाच्या बाबतीत दिसलं. २००७ नंतर इथले काही तरुण सोमालियातल्या अल-शबाब या अतिरेकी संघटनेत आणि पुढे काही आयसिसकडे गेले, त्यावर २०१४ मध्ये सरकारने 'हिंसक अतिरेकाला आळा' या नावाने बॉस्टन, लॉस एंजेलिस आणि मिनियापोलिस अशा तीन ठिकाणी प्रयोग जाहीर केला. काम तेच, मुलांना शिकवणं, सोबत, खेळ, पण खातं सुरक्षेचं, म्हणजे पोरगा गणित शिकायला आला तरी कागदावर संशयितच. का जूग (सोमालीत अर्थ 'लांब राहा', म्हणजे नशा-मारामारीपासून) या तरुणांच्या संस्थेने २०१७ मध्ये असं मंजूर झालेलं जवळपास ५ लाख डॉलरचं अनुदान ट्रम्प सरकार आल्यावर नाकारलं. गरज असलेल्या संस्थेने एवढी रक्कम परत करणं सोपं नसतं.

दुसरी बाजूही लिहायलाच हवी. कोविडकाळात मुलांच्या जेवणाच्या केंद्रीय योजनेत फीडिंग अवर फ्यूचर या संस्थेमार्फत प्रचंड घोटाळा झाला, सप्टेंबर २०२२ मध्ये ४७ जणांवर आरोप ठेवले गेले, आकडा २५ कोटी डॉलरचा. न वाढलेल्या ताटांची बिलं लावली होती. संस्थेची प्रमुख गोरी अमेरिकन बाई, मार्च २०२५ मध्ये ती दोषी ठरली, पण आरोपींत बहुतेक सोमाली वंशाचे, त्यामुळे बोल सगळ्या समाजाला लागला. राज्य विधिमंडळाच्या लेखापरीक्षकाने २०२४ च्या अहवालात राज्य शिक्षण खात्याची देखरेख कमी पडल्याचं म्हटलं, ते मात्र फारसं कुणी बोलत नाही.

जानेवारी २०२५ मध्ये निर्वासितांचं येणंच थांबवलं गेलं आणि २०२६ या आर्थिक वर्षासाठी पूर्ण देशाची मर्यादा ७,५०० ठेवली, त्यातही प्राधान्य दक्षिण आफ्रिकेतल्या गोऱ्या आफ्रिकानर लोकांना. सुरुवातीचा निधी माणशी असल्याने माणूस नाही तर पैसाही नाही. आधीच आलेली मुलं मात्र आहेत तिथेच आहेत, आणि त्यांची शाळा रोज दुपारी सुटतेच.