पोथ्यांतले ‘गुप्त संकेत’ : दाव्यांमागचा इतिहास

हनुमान चालिसेतल्या ‘जुग सहस्र जोजन पर भानू’ या ओळीत सूर्याचं अंतर दडलंय, हा मजकूर सोलापुरातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवरही फिरून गेलाय. हिशेब असा : जुग म्हणजे १२,०००, सहस्र म्हणजे १,०००, योजन म्हणजे ८ मैल. गुणाकार ९ कोटी ६० लाख मैल. खरं अंतर साधारण ९ कोटी ३० लाख. जमलं की! पण योजन ८ मैलांचंच का धरायचं? ‘सूर्यसिद्धान्त’ या जुन्या खगोलग्रंथात पृथ्वीचा व्यास १,६०० योजनं आहे, म्हणजे योजन ५ मैलांचं भरतं. त्याच ग्रंथात सूर्याच्या कक्षेचा घेर ४३,३१,५०० योजनं दिलाय. त्यावरून अंतर काढलं तर येतं सुमारे ३४ लाख मैल. उत्तर आधी माहीत होतं, म्हणून माप त्याला साजेसं निवडलं गेलं.

आपल्याकडे सांकेतिक लिखाण नव्हतं असं मात्र नाही. कटपयादी पद्धतीत प्रत्येक व्यंजनाला अंक ठरलेला असे. केरळच्या मेलपुत्तूर नारायण भट्टतिरींनी ‘नारायणीयम्’ हे काव्य संपवलं ते ‘आयुरारोग्यसौख्यम्’ या शब्दांनी. त्यांचे अंक उलट्या क्रमानं लावले की १७,१२,२१० ही कलियुग सुरू झाल्यापासूनची दिवससंख्या मिळते, म्हणजे इसवी सन १५८६. यात चमत्कार काही नाही. नियम आधीपासून सर्वांना ठाऊक होता, कवीनं तो वापरला. ज्ञानदेवांच्या नावावरचं ‘काट्याच्या अणीवर वसले तीन गाव’ हे कूट तर कीर्तनकार आजही उलगडून सांगतात. सोन्नलिगेत, म्हणजे आपल्या सोलापुरात, सिद्धरामांना भेटायला आल्याचं शरण परंपरा ज्यांच्याबद्दल सांगते, त्या अल्लमप्रभूंची कन्नड बेडगिन, म्हणजे कोड्यासारखी, वचनंही याच जातीची. ऐकणाऱ्यानं डोकं चालवावं, एवढाच त्यांचा हेतू. पुढच्या काळाची बातमी त्यांत कुणी पेरलेली नाही.

बातमी पेरल्याचा सर्वांत गाजलेला दावा हिब्रू बायबलबद्दलचा. विट्झटम, रिप्स आणि रोझेनबर्ग यांनी १९९४ साली ‘स्टॅटिस्टिकल सायन्स’ या नियतकालिकात लेख छापला : उत्पत्तीच्या पुस्तकातली अक्षरं ठरावीक अंतरानं उचलली, तर पुढच्या काळातल्या नामांकित रब्बींची (ज्यू धर्मगुरूंची) नावं आणि त्यांच्या जन्म-मृत्यूच्या तारखा एकमेकांच्या जवळ सापडतात. १९९७ मध्ये पत्रकार मायकेल ड्रॉस्निन यांनी त्यावर खपाऊ पुस्तक काढलं आणि इस्रायलचे पंतप्रधान राबिन यांची हत्या त्यात आधीच कोरलेली होती, असं सांगितलं. वर आव्हानही दिलं : ‘मोबी डिक’ या कादंबरीत एखाद्या पंतप्रधानाची हत्या सापडवून दाखवा, मग मानू.

ऑस्ट्रेलियाचे गणितज्ञ ब्रेंडन मॅके यांनी त्या देवमाशाच्या कादंबरीतून हत्यांची रांगच काढली. त्यात इंदिरा गांधीही होत्या! लाखो अक्षरं, अंतर हवं तेवढं, वाचायची दिशा हवी ती. काहीतरी हाती लागणारच. मूळ लेखाला खरं उत्तर १९९९ मध्ये त्याच नियतकालिकात मिळालं. मॅके, बार-नातान, बार-हिलेल आणि कलाई यांनी दाखवलं, की एकेका रब्बीची नावं, उपाध्या आणि स्पेलिंग निवडायला भरपूर मोकळीक होती. तशीच मोकळीक घेऊन त्यांनी टॉलस्टॉयच्या ‘वॉर अँड पीस’च्या हिब्रू भाषांतरातही तसाच निकाल काढून दाखवला.

शिवाय संहितेचा प्रश्न आहेच, आणि पंढरपूरच्या जिल्ह्यात तो वेगळा समजावायला नको. १२९० च्या ज्ञानेश्वरीत शिरलेले अपपाठ काढून एकनाथांनी १५८४ मध्ये ती शुद्ध केली; तरी पाठभेद उरलेच. हिब्रू हस्तलिखितांतही शब्दांची अक्षरं कमीजास्त होतात. मोजत गेलेल्या वाटेत एक अक्षर गळलं की पुढचा सगळा हिशेब कोसळतो.

कुराणात १९ या आकड्याची गुंफण असल्याचं अमेरिकेत स्थायिक झालेले रशाद खलिफा यांनी १९७४ पासून मांडलं. नवव्या सुरेतल्या (अध्यायातल्या) शेवटच्या २ आयती (वचनं) हिशेबात बसेनात, तेव्हा त्या मूळच्या नव्हेतच म्हणत त्यांनी आपल्या भाषांतरातून त्या वगळल्या. मुस्लिम विद्वानांनी हे साफ धुडकावलं.