चषकाची पत ठरते कशी?

मार्च २०२५ मध्ये न्यूकॅसल युनायटेड या फुटबॉल क्लबने लंडनच्या वेम्बली मैदानावर लिव्हरपूलला २-१ असं हरवून इंग्लंडचा लीग कप जिंकला. याआधी या क्लबने देशातला मोठा चषक उचलला होता तो १९५५ साली, म्हणजे ७० वर्षांपूर्वी. विजयाच्या मिरवणुकीला लाखोंची गर्दी लोटली. हाच लीग कप मँचेस्टर सिटीने २०१८ ते २०२१ अशी सलग चार वर्षं जिंकला होता. तेव्हा बहुतेकांनी हंगामाच्या जमाखर्चात आणखी एक जमा, एवढ्यावरच विषय मिटवला.

चषक तोच, स्पर्धाही तीच. तरी एका गावात दिवाळी आणि दुसऱ्या गावात नुसती नोंद. चषकाची पत चांदीत नसते हे उघड आहे, पण मग ती असते कुठे? इंग्लंडमध्ये तर एकाच देशात दोन चषक आहेत, एफए कप आणि लीग कप, आणि त्यांतला थोरला कोण हे तिथलं शाळकरी पोरही सांगेल. कारण विचारलं तर उत्तर ठरलेलं: एफए कप जुना आहे. हे उत्तर मला अर्धवट वाटतं. जुने चषक मरतातही, आणि त्यातला एक आपल्या मुंबईतच मेला. त्याच्याकडे पुढे येऊच.

एफए कप १८७१-७२ मध्ये सुरू झाला तेव्हा त्यात नाव नोंदवलं होतं १५ क्लबांनी. १६ मार्च १८७२ रोजी लंडनच्या ओव्हल मैदानावर सुमारे दोन हजार प्रेक्षकांसमोर वाँडरर्सने रॉयल इंजिनिअर्सला १-० ने हरवलं. आज या स्पर्धेत ७०० हून अधिक क्लब उतरतात. ऑगस्टमध्ये गावोगावच्या हौशी क्लबांपासून सुरुवात होते आणि प्रीमियर लीगचे, म्हणजे सर्वांत वरच्या श्रेणीचे, क्लब थेट जानेवारीत, तिसऱ्या फेरीत येतात. लीग कपला मात्र वरच्या चार श्रेणींतल्या ९२ क्लबांनाच दार उघडं. फरक फक्त आकड्याचा नाही. एफए कपमध्ये गावातल्या चिखलाच्या मैदानापासून वेम्बलीपर्यंत सलग वाट आहे. त्या वाटेने शेवटपर्यंत कोणी जात नाही ही गोष्ट वेगळी. पण वाट बंद नाही, एवढ्यानेच जिंकणाऱ्याला ‘सगळ्यांत’ जिंकल्याचा मान मिळतो.

फ्रान्समध्ये तर हा प्रयोग जवळजवळ प्रयोगशाळेत केल्यासारखा झाला. तिथला कूप द फ्रान्स १९१७-१८ चा. त्यात हजारो क्लब उतरतात, रेयुनियाँ आणि मार्टिनिकसारख्या सातासमुद्रापारच्या बेटांवरचे सुद्धा. प्रतिस्पर्धी दोन किंवा अधिक श्रेणी खालचा असेल तर सामना त्याच्याच मैदानावर होतो. २००० साली चौथ्या श्रेणीतल्या कॅलेने थेट अंतिम फेरी गाठली आणि नाँतकडून १-२ असा निसटता पराभव पत्करला. तो सामना फ्रेंच माणूस अजून आठवतो. याच देशात १९९४-९५ पासून व्यावसायिक क्लबांपुरता वेगळा लीग कप होता. क्लब तेच, खेळाडू तेच, पैसाही बरा. पण त्याला मूळ धरता आलं नाही आणि २०२० च्या अंतिम सामन्यानंतर तो बंद झाला. वयाचा फरक होता, मान्य. पण २५ वर्षं म्हणजे एक पिढी. तेवढ्यात जीव लागायचा असता तर लागला असता.

मात्र दार नुसतं उघडं असून भागत नाही. आत येणाऱ्या लहानग्याला जिंकण्याची खरीखुरी संधी हवी. ती संधी फुटबॉलमध्ये येते कुठून, हे साध्या गणितातून दिसतं.

फुटबॉलमध्ये गोल कमी होतात, आणि कमी गुणांच्या खेळात नशिबाला जास्त वाव मिळतो. कबड्डीत तीस-चाळीस गुण होतात, तिथे एखादी चूक भरून निघते. फुटबॉलमध्ये एक चूक म्हणजे कधी कधी अख्खा सामना. समजा, एक बलाढ्य संघ सामन्याला सरासरी २ गोल करतो आणि समोरचा दुबळा संघ ०.८. क्वचित आणि एकमेकांपासून स्वतंत्रपणे घडणाऱ्या घटना मोजायला फ्रेंच गणिती प्वासाँच्या नावाचं सूत्र वापरतात. गोलांना ते बऱ्यापैकी लागू पडतं. त्यात हे आकडे घातले की ९० मिनिटांत बलाढ्य संघ जिंकण्याची शक्यता येते सुमारे ६५ टक्के, बरोबरीची २० टक्क्यांच्या थोडी वर आणि दुबळा संघ जिंकण्याची १४ टक्के. बरोबरीनंतर थेट पेनल्टी शूटआउट धरला आणि तिथे दोघांना निम्मी-निम्मी संधी दिली, तर दुबळा संघ पुढे जाण्याची शक्यता २४ टक्क्यांवर पोचते. चारांत जवळपास एकदा!

आता हेच बलाढ्य संघाच्या बाजूने पाहा. त्याची प्रत्येक फेरीतली शक्यता ७६ टक्के. एफए कपमध्ये तिसऱ्या फेरीपासून चषकापर्यंत सहा सामने. ०.७६ ला सहा वेळा गुणलं की उरतात १९ टक्के. म्हणजे प्रत्येक फेरीत असा दुबळाच संघ वाट्याला आला, तरी हा संघ पाच वर्षांत जेमतेम एकदा चषक उचलेल. लीगच्या ३८ सामन्यांत नशीब दोन्हीकडे वाटलं जातं आणि शेवटी पैसेवाला वर येतो. चषकात तेवढी उसंतच नाही. म्हणून २०१३ मध्ये विगनने अंतिम फेरीत मँचेस्टर सिटीला १-० ने हरवलं आणि तीनच दिवसांनी तो क्लब प्रीमियर लीगमधून खाली घसरला. म्हणून मे २०२५ मध्ये क्रिस्टल पॅलेसला त्याच सिटीला हरवून इतिहासातला पहिला मोठा चषक मिळाला.

पण नुसत्या नशिबालाही पत नसते. नाणेफेक जिंकली म्हणून कोणी मिरवणूक काढत नाही. पराक्रम आणि योगायोग यांचं प्रमाण असं जमावं लागतं की जिंकणाऱ्याला वाटावं, हे आपण कमावलं; आणि हरणाऱ्याला वाटावं, पुढच्या वर्षी आपलंही होईल.

हे प्रमाण स्पर्धेच्या नियमांवर ठरतं. वरच्याच दोन संघांत एकाऐवजी दोन सामने खेळवले आणि गोलांची बेरीज धरली, तर दुबळ्याची पुढे जाण्याची शक्यता २४ वरून १५-१६ टक्क्यांवर घसरते. स्पेनच्या कोपा देल रेमध्ये वर्षानुवर्षं हेच चाललं होतं. मग २०१९-२० पासून उपांत्यपूर्व फेरीपर्यंत एकच सामना, आणि खालच्या श्रेणीतल्या संघाला घरचं मैदान, असा नियम आला. पहिल्याच वर्षी रेआल माद्रिद आणि बार्सिलोना एकाच दिवशी बाद झाले, दुसऱ्या श्रेणीतला मिरांदेस उपांत्य फेरीत पोचला, आणि अंतिम सामना ठरला बास्क प्रांतातल्या दोन शेजाऱ्यांमध्ये, रेआल सोसिएदाद आणि अॅथलेटिक बिल्बाओ. करोना आला. रिकाम्या मैदानात खेळण्यापेक्षा थांबू, असं दोन्ही क्लबांनी ठरवलं आणि सामना जवळपास वर्षभर पुढे ढकलला. एप्रिल २०२१ मध्ये तो शेवटी रिकाम्या मैदानातच झाला, पण एका चषकासाठी वर्षभर थांबायला तयार होणं यापेक्षा पतीचं दुसरं मोजमाप मला सुचत नाही.

इटलीने उलटी वाट धरली आहे. तिथल्या कोपा इटालिया चषकात आता वरच्या दोन श्रेणींखालच्या मोजक्याच क्लबांना जागा आहे, आणि वरचे आठ संघ थेट शेवटच्या सोळांत, तेही घरच्या मैदानावर, अवतरतात. बड्यांनी बड्यांसाठी रचलेली ही व्यवस्था आहे. मग सुरुवातीच्या फेऱ्यांत मैदानं ओस दिसली तर नवल कसलं?

एवढं सगळं जमूनही चषकाला पत येते ती एका चमत्कारिक कारणाने: इतरांनाही तो मोठा वाटतो हे प्रत्येकाला माहीत असतं. अर्थशास्त्रज्ञ केन्स यांनी १९३६ मध्ये शेअर बाजाराची तुलना एका सौंदर्यस्पर्धेशी केली होती. त्या स्पर्धेत तुम्हाला कोण सुंदर वाटतं हे सांगायचं नसतं, बहुतेकांना कोण सुंदर वाटेल हे ओळखायचं असतं. चषकांचंही तसंच. एफए कपचा अंतिम सामना १९३८ पासून टीव्हीवर पूर्ण आणि थेट दिसू लागला, तर इंग्लिश लीगचे सामने नियमितपणे थेट दिसायला १९८३ उजाडलं. मधल्या काळात क्लब फुटबॉलचा तो वर्षातला बहुधा एकच सामना अख्खा देश एकाच वेळी बघत असे. आपण बघतो, शेजारी बघतो, आणि शेजाऱ्याला ठाऊक आहे की आपण बघतो. पत अशी साचत जाते.

आणि तशीच ती गळतेही. एफए कपचा अंतिम सामना जिंकल्याचं बक्षीस सुमारे २० लाख पौंड. प्रीमियर लीगमध्ये तळाला, विसाव्या क्रमांकावर राहणाऱ्या क्लबलाही १० कोटी पौंडांहून जास्त मिळतात. मग प्रशिक्षक चषकाच्या सामन्याला राखीव खेळाडू उतरवतो. त्याचं चूक म्हणवत नाही. पण समोरच्याने राखीव खेळाडू उतरवलेत म्हणून आपणही उतरवायचे, आणि सगळ्यांनी उतरवले की प्रेक्षकांनी ओळखायचं, याला आता तेवढी किंमत नाही. सर्वांत मोठा धक्का १९९९-२००० च्या हंगामात बसला. आदल्या वर्षीचा विजेता मँचेस्टर युनायटेड ब्राझीलमधल्या क्लब विश्वचषकासाठी एफए कपमध्ये उतरलाच नाही. लीग कपची गोष्ट नेमकी उलटी. १९६०-६१ मध्ये तो सुरू झाला तेव्हा अनेक बड्या क्लबांनी त्याकडे पाठ फिरवली होती. १९६७ मध्ये अंतिम सामना वेम्बलीवर आला, विजेत्या पहिल्या श्रेणीच्या क्लबला युरोपात खेळण्याची संधी मिळू लागली, आणि मग बडे आपसूक आले. त्या वर्षी चषक जिंकला मात्र तिसऱ्या श्रेणीतल्या क्वीन्स पार्क रेंजर्सने, आणि तिसऱ्या श्रेणीतला म्हणून त्याला युरोपाचं दार बंदच राहिलं.

आता मुंबई. रोव्हर्स कप १८९१ चा, म्हणजे कूप द फ्रान्सपेक्षा पाव शतकाने जुना. सुरुवातीला तो गोऱ्या पलटणींचा होता. १९३७ मध्ये बंगलोर मुस्लिम्सने तो पहिल्यांदा भारतीय हातांत आणला. प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांच्या हैदराबाद सिटी पोलीस संघाने १९५० ते ५४ अशी सलग पाच वर्षं तो नेला. मुंबईच्या कुपरेज मैदानावर बंगाल, हैदराबाद, गोवा इथले संघ यायचे आणि मुंबईकर त्यांना बघायला जायचे. १९९६ मध्ये राष्ट्रीय लीग आली, वर्षाचे दिवस तिने व्यापले, आणि २०००-०१ नंतर रोव्हर्स कप झालाच नाही. त्याच्याहून तीन वर्षांनी जुना ड्युरँड कप मात्र तगला. त्यामागे सैन्यदल उभं होतं, २०१९ मध्ये तो फुटबॉलवेड्या कोलकात्याला गेला, आणि २०२२ मध्ये आयएसएल या देशातल्या मोठ्या लीगचे सगळे ११ क्लब त्यात उतरले. बडे येतील याची खात्री, आणि ते बघायला लोक येतील याचीही. रोव्हर्सची ही दोन्ही टोकं तुटली होती.

राष्ट्रीय पातळीशी काहीही देणंघेणं नसताना पत कशी टिकते हे बघायचं तर कोल्हापूरला जावं. शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम आणि दिलबहार या स्थानिक संघांतला सामना बाहेरच्याला साधा स्थानिक वाटेल. पण तिथे हरलेल्याला दुसऱ्या दिवशी त्याच पेठांमधून फिरायचं असतं. कोण बघतंय हे कोणत्या श्रेणीत खेळतोय यापेक्षा महत्त्वाचं ठरतं.

एफए कपमध्ये २०२४-२५ पासून पहिल्या फेरीपासूनचे फेरसामने बंद झाले. आता बरोबरीनंतर जादा वेळ आणि पेनल्टी. लहान क्लबांनी खूप आरडाओरड केली. गणित मात्र त्यांच्या विरुद्ध बोलतं. आपल्या त्याच दोन संघांत बरोबरीनंतर फेरसामना ठेवला, तर दुबळ्याची शक्यता २४ वरून १९ टक्क्यांवर येते, कारण बलाढ्य संघाला चूक सुधारायला आणखी ९० मिनिटं मिळतात. या सूत्रात घरचं मैदान नाही, हे खरं. १९७२ मध्ये लीगबाहेरच्या, म्हणजे वरच्या चार श्रेणींत नसलेल्या, हेरफर्डने न्यूकॅसलला २-१ ने गारद केलं ते फेरसामन्यातच, स्वतःच्या चिखलाने भरलेल्या मैदानावर. पण लहान क्लबांची तक्रार शक्यतेबद्दल नव्हतीच. लीगबाहेर फेकला गेलेला, कर्जात बुडालेला एक्झेटर सिटी २००५ मध्ये मँचेस्टर युनायटेडशी त्यांच्याच ओल्ड ट्रॅफर्ड मैदानावर ०-० असा बरोबरीत सुटला. फेरसामना तो ०-२ असा हरला, पण दोन सामन्यांच्या तिकिटांच्या आणि टीव्हीच्या पैशाने क्लब बुडता बुडता वाचला.