किलोवरची मजुरी आणि रक्तातलं लोह

एका बोंडातून साधारण 4 ग्रॅम कापूस निघतो. किलोभर व्हायला अडीचशे बोंडं, 40 किलोला दहा हजार. विदर्भात ही वेचणी मुख्यतः बायाच करतात, आणि मजुरी बहुतेक किलोवर. रोजाच्या कामात अशक्तपणा थोडाफार झाकून जातो. इथे तो संध्याकाळी काट्यावर दिसतो.

स्नायूंना ऑक्सिजन पोचवणाऱ्या हिमोग्लोबिनला लोह लागतं. ते कमी पडलं की तेवढ्याच कामाला हृदय जास्त धावतं, दम लागतो, दुपारनंतर हात मंदावतो. श्रीलंकेच्या चहामळ्यांतल्या मजूर बायांवरचा अभ्यास 1979 साली प्रसिद्ध झाला. हिमोग्लोबिन वाढलेल्या बायांनी जास्त पानं खुडली होती.

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2020च्या शिफारशीनुसार बाईला रोज 29 मिलिग्रॅम लोह हवं, पुरुषाला 19. पाळीत मिलिलिटरभर रक्तामागे सुमारे अर्धा मिलिग्रॅम लोह जातं. एका गरोदरपणाला एकूण हजारेक मिलिग्रॅम लागतं. ताटातला हिशेब मात्र उलटा. सगळ्यांचं झाल्यावर जेवणारीला भाकर मिळते, पण वरण पातळ झालेलं असतं आणि भाजी तळाला गेलेली. 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या, पुरुष 25 टक्के. दारिद्र्याची मोजणी घर धरून होते, ताट धरून नाही. म्हणून एकाच चुलीवरची ही तफावत तिथे दिसतच नाही.

मजुरीतही असंच. समान कामाला समान मोबदल्याचा कायदा 1976 साली झाला, पण डवरणी-फवारणी गड्याची आणि निंदण-वेचणी बाईची अशी वाटणीच असेल तर तुलना कशाशी करणार?

ज्वारी, तूर, अंबाडीत लोह असतं. पण धान्या-डाळींतल्या फायटेट या लोह धरून ठेवणाऱ्या घटकामुळे त्यातलं थोडंच शोषलं जातं. भाकरीसोबत चहा घेतला तर आणखी कमी. चहा जेवणापासून तासभर तरी लांब ठेवावा आणि ताटात लिंबू किंवा आवळा असावा. तरीही रक्तक्षय झाल्यावर नुसत्या आहाराने तो क्वचितच भरून निघतो. उपकेंद्रातल्या गोळीत 60 मिलिग्रॅम लोह असतं. गरोदरपणात ती रोज, किमान 180 दिवस. एरवी आठवड्याला एक. रक्तक्षय असेल तर मात्र मात्रा तपासणीनंतरच ठरते. गोळी अर्ध्यात सुटते ती मळमळीमुळे आणि शौच काळी झाल्याच्या भीतीने. काळा रंग न शोषलेल्या लोहाचा, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. मळमळ होत असेल तर रात्री जेवणानंतर घ्यावी.

उपचार लागू पडला तर हिमोग्लोबिन महिन्याला डेसिलिटर रक्तामागे साधारण एक ग्रॅमने चढतं. 9 वरून 12 वर यायला तीन महिने, आणि शरीरातला साठा भरायला त्यापुढे आणखी तीन. दिवाळीच्या सुमाराला वेचणी जोरात येते, तेव्हा तपासणी निंदणाच्या दिवसांतच, आषाढ-श्रावणात, व्हायला हवी. सीतादही, म्हणजे पहिल्या वेचणीआधीची शेतातली पूजा, करून वेचणीला लागल्यावर सुरू केलेली गोळी त्या हंगामातल्या पहिल्या वेचणीला उपयोगी पडत नाही.