केबल काढायची की ठेवायची? नागपूरच्या घरासाठी केबल आणि ओटीटीचा हिशोब

नवा स्मार्ट टीव्ही भिंतीवर लागला की घरात पहिला विषय निघतो तो केबल बंद करण्याचा. केबलचे महिन्याला तीनशे, ॲपचे दीडशे, मग केबल कशाला? हा हिशोब सुरुवातीलाच चुकतो. केबलच्या बिलात वाहिन्याही असतात आणि त्या घरापर्यंत आणणारी वायरही. ओटीटीत, म्हणजे इंटरनेटवरच्या ॲपमधून पाहताना, ही दोन वेगळी बिलं आहेत: एक घरात येणाऱ्या इंटरनेटचं आणि दुसरं त्यावर चालणाऱ्या प्रत्येक ॲपचं. मुलांचा अभ्यास किंवा घरून काम यासाठी ब्रॉडबँड आधीच घेतलेलं असेल, तर ओटीटीला फक्त ॲपचा खर्च लागतो. केवळ टीव्हीसाठी नवं कनेक्शन घ्यायचं असेल, तर बहुतेक घरांत केबलच स्वस्त पडते.

नागपुरात गोंधळ वाढतो, कारण बऱ्याच वस्त्यांत केबलवालाच ब्रॉडबँडही देतो. कधी कधी दोन्ही एकाच फायबरमधून येतात. त्या केसाएवढ्या काचेच्या तारेत टीव्हीचा सिग्नल 1550 नॅनोमीटरच्या प्रकाशावर येतो, इंटरनेट 1490 वर येतं आणि 1310 वर परत जातं. घरातल्या डब्यातून मग एक काळी कोॲक्स वायर सेटटॉप बॉक्सकडे जाते आणि वाय-फाय वेगळं निघतं. म्हणजे घरात फायबर आलं म्हणून टीव्ही नेटवर चालतो असं नाही. सेटटॉप बॉक्सला गोल, पेचाची कोॲक्स वायर लागलेली असेल तर ती केबल किंवा डीटीएच, म्हणजे छतावरच्या डिशचं कनेक्शन. चौकोनी लॅन वायर किंवा वाय-फाय असेल तर ते आयपीटीव्ही किंवा ओटीटी.

हे आयपीटीव्ही म्हणजे मधलं प्रकरण आहे. जिओ, एअरटेल, बीएसएनएल ब्रॉडबँडसोबत जे टीव्हीचे पॅक देतात, त्यात वाहिन्या केबलसारख्याच थेट चालतात, पण येतात इंटरनेटच्या तारेतून. ब्रॉडबँड तुटलं की तेही गेलं.

केबलचं बिल वाचताना

ट्राय या सरकारी नियामक संस्थेची नवी दरपद्धत 1 फेब्रुवारी 2019 पासून लागू झाली. तेव्हापासून बिलाचे दोन भाग आहेत: नेटवर्क क्षमता शुल्क आणि सशुल्क वाहिन्यांचे पैसे. पहिल्या भागावर 130 रुपयांची मर्यादा होती, 18 टक्के जीएसटी धरून 153 रुपये 40 पैसे. जुलै 2024 च्या दुरुस्तीत ही मर्यादा काढून टाकली, त्यामुळे आता कंपनी स्वतःचा दर ठरवते. म्हणून 'किती पडेल भाऊ?' एवढंच विचारू नका. शुल्क किती, वाहिन्या कितीच्या आणि कर किती, हे वेगवेगळं विचारा. उदाहरणार्थ शुल्क 130 आणि वाहिन्या 120 धरल्या तर 250 रुपये होतात, वर 45 रुपये जीएसटी, म्हणजे 295.

कमी करायला वाव आहे तो दुसऱ्या भागात. पॅकमध्ये दहा वाहिन्या असतात आणि घरात त्यातल्या तीनच लागतात. वाहिनी सुटी घेण्याचा हक्क ग्राहकाला आहे. 19 रुपयांपेक्षा महाग वाहिनी तर पॅकमध्ये घालताच येत नाही, ती सुटीच घ्यावी लागते. मात्र प्रसारक पॅकवर सूट देतात, त्यामुळे एकाच कंपनीच्या चार-पाच वाहिन्या हव्या असतील तर पॅक बहुतेक वेळा स्वस्त पडतो. एखाद-दुसरी हवी असेल तर सुटी घ्या.

दुसऱ्या खोलीतल्या टीव्हीचं काय? जुन्या ॲनालॉग काळात एका वायरीचे तीन फाटे करून तीन टीव्ही चालत. देशातल्या 38 शहरांच्या दुसऱ्या टप्प्यात नागपूर डिजिटल झालं, मुदत होती 31 मार्च 2013. तेव्हापासून वाहिनी उघडण्याचं काम बॉक्स करतो. स्प्लिटर लावून सिग्नल वाटता येतो, वाहिनी नाही. दुसऱ्या टीव्हीला वेगळा बॉक्स आणि वेगळा रिचार्ज लागतो. ओटीटीत हेच बंधन स्क्रीनच्या संख्येचं असतं. नेटफ्लिक्सच्या स्टँडर्ड प्लॅनवर एका वेळी दोन स्क्रीन, प्रीमियमवर चार. आणि मुलगा पुण्याला नोकरीला असेल तर त्याचं घर वेगळं धरलं जातं. जुलै 2023 पासून नेटफ्लिक्स भारतातही एक खातं एका घरापुरतंच मानतं.

संध्याकाळी सातला टीव्हीसमोर कोण बसतं?

खरा निर्णय इथे होतो. स्टार प्रवाह आणि कलर्स मराठीच्या मालिका जिओहॉटस्टारवर, झी मराठीच्या झी5 वर, सोनी मराठीच्या सोनी लिववर. केबलच्या एका मराठी पॅकमध्ये जे येतं, त्यासाठी इथे तीन ॲप लागतात. घरातली आजी चारही वाहिन्यांवरच्या मालिका पाहत असेल, तर ओटीटीचा किमतीतला फायदा तिथेच संपतो. वर रिमोटचं आहेच. वाहिनीचा तीन आकडी नंबर पाठ असलेल्या माणसाला ॲप उघडा, प्रोफाइल निवडा, खाली सरका हे रोज करायला लावणं आमच्या मते बरं नाही. बातम्यांचा मात्र प्रश्न नाही. एबीपी माझा, झी 24 तास, टीव्ही9 मराठी यूट्यूबवर थेट आणि फुकट दिसतात.

क्रिकेट पाहणाऱ्या घरात आणखी एक गोष्ट तपासा. ओटीटीवर थेट सामना लहान लहान तुकडे करून येतो आणि ॲप काही तुकडे आधी साठवून मग दाखवतं, त्यामुळे चित्र केबलच्या बरंच मागे असतं, कधी अर्धा मिनिट. जामठ्याच्या क्रिकेट मैदानावर सामना चालू असेल तर शेजारच्या केबलवाल्या घरातली आरोळी तुमच्या आधी येते. वेगवान इंटरनेट घेतलं तरी हे अंतर फारसं मिटत नाही, कारण उशीर पद्धतीत आहे, तुमच्या तारेत नाही.

इंटरनेट किती लागतं

नेटफ्लिक्सच्या शिफारशीप्रमाणे फुल एचडीला 5 एमबीपीएस आणि 4के ला 15 एमबीपीएस वेग पुरतो. म्हणजे साध्या 30 एमबीपीएसच्या प्लॅनवर एक 4के आणि एक एचडी टीव्ही एकाच वेळी चालतो. टीव्हीसाठी म्हणून 200 एमबीपीएस घेण्याची गरज नाही. डेटाचं गणितही सोपं आहे. एचडीला तासाला साधारण 3 जीबी लागतात. रोज चार तास म्हणजे 12 जीबी, महिन्याला 360. मोठ्या कंपन्यांच्या 'अनलिमिटेड' फायबर प्लॅनची मर्यादा सहसा 3300 जीबीच्या आसपास असते, त्यात हे सहज बसतं. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर मात्र बसत नाही: रोजच्या 2 जीबीत चाळीस मिनिटं एचडी चालेल, मग गोल फिरत राहील.

बिघाड: कुठे काय पाहायचं

ॲनालॉग केबलमध्ये सिग्नल कमी झाला की चित्रात मुंग्या येत, तरी कार्यक्रम दिसायचा. डिजिटलमध्ये एका मर्यादेपर्यंत चित्र स्वच्छ राहतं आणि तिच्या खाली गेलं की चौकोन पडतात, आवाज तुटतो, मग काहीच दिसत नाही. म्हणूनच काल ठीक होतं, आज अचानक गेलं असं वाटतं. प्रत्यक्षात जोड महिनाभर सैल होत असतो.

फक्त काही वाहिन्यांवर चौकोन पडत असतील तर त्या फ्रीक्वेन्सीचा सिग्नल अशक्त आहे. बॉक्सच्या मागचा पेचाचा कनेक्टर काढून पाहा. मधली तांब्याची तार काळी पडलेली असेल किंवा जाळीचा एखादा धागा तिला टेकत असेल, तर टोक कापून नवा कनेक्टर लावावा लागतो. मध्ये स्प्लिटर असेल तर तो काढून थेट वायर लावा. दोन फाट्यांचा स्प्लिटर साधारण 3.5 ते 4 डेसिबल खातो, चार फाट्यांचा 7 ते 8. तेवढ्याने चित्र सुधारलं तर दोष घरातच आहे. सगळ्याच वाहिन्या गेल्या आणि शेजारीही गेल्या, तर खांबावरचा बूस्टर किंवा नोड बंद आहे. वाहिनी सबस्क्राइब केलेली नाही असा संदेश आला तर वायरीशी झगडू नका, रिचार्ज संपला आहे किंवा पॅक बदलला आहे.

ओटीटीत पहिला संशय वाय-फायवर घ्यावा. फायबरच्या डब्यावर एलओएसचा, म्हणजे सिग्नल गेल्याचा, लाल दिवा लुकलुकत असेल तरच बाहेरची तार तुटली आहे किंवा फार वाकली आहे. सिमेंट रस्त्याच्या आणि उड्डाणपुलाच्या खोदकामात शहरात हे वरचेवर होतं. घरातही कपाटामागे फायबर काटकोनात दाबली की प्रकाश गळतो. तंत्रज्ञ आला तर त्याला मीटरवर प्रकाशाच्या ताकदीचा आकडा दाखवायला सांगा. उणे 15 ते उणे 25 डीबीएमच्या दरम्यान असेल तर ठीक, उणे 27 च्या पलीकडे गेला तर लाईन वारंवार तुटणार.

लाल दिवा नसेल आणि तरी गोल फिरत असेल, तर टीव्ही वाय-फायच्या 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर जोडलेला आहे का ते बघा. अपार्टमेंटमध्ये या पट्ट्यात शेजारच्या दहा राउटरांची गर्दी असते. 5 गिगाहर्ट्झ वेगवान आहे, पण दोन भिंतींपलीकडे फारसा पोहोचत नाही. राउटर आणि टीव्ही यांच्या मध्ये उन्हाळ्यात पत्र्याचा कूलर येतो हेही लक्षात ठेवा, पत्रा आणि पाणी दोन्ही लहरी अडवतात. सगळ्यात पक्का उपाय म्हणजे टीव्हीपर्यंत लॅन वायर. बऱ्याच टीव्हींचं लॅन पोर्ट 100 एमबीपीएसचंच असतं, पण 4के ला ते पुरून उरतं.

स्वस्तातला अँड्रॉइड बॉक्स घेताना एक फसगत होते. खोक्यावर 4के लिहिलेलं असतं, पण आत वाइडवाइन एल1 प्रमाणपत्र, म्हणजे ॲपना एचडी चित्र दाखवायला लागणारी परवानगी, नसतं. मग यूट्यूब झकास दिसतं आणि नेटफ्लिक्स किंवा प्राइम 480पी च्या धूसर चित्रावरच अडकतं. इंटरनेटचा वेग कितीही वाढवा, फरक पडत नाही. बॉक्सऐवजी टीव्हीत खोचायची स्ट्रीमिंग स्टिक असेल आणि ती वारंवार आपोआप बंद-चालू होत असेल तर ती टीव्हीच्या यूएसबी पोर्टवर लावली आहे का पाहा. तिथे बहुतेकदा अर्धा अँपिअरच मिळतो आणि स्टिकला साधारण एक लागतो. सोबत आलेला ॲडॅप्टर वापरा.

लाईन गेली, वीज कडाडली

अवकाळी वादळात लाईन गेली आणि घरात इन्व्हर्टर असेल, तर टीव्ही चालू राहतो पण केबल जाऊ शकते, कारण रस्त्यावरच्या बूस्टरलाही वीज लागते. फायबरच्या बहुतेक घरगुती जाळ्यांत कंपनीच्या केंद्रापासून घरापर्यंत मध्ये वीज लागणारं काही नसतं. राउटर आणि फायबरचा डबा 12 व्होल्टच्या छोट्या यूपीएसवर ठेवला की इंटरनेट चालू राहतं. यूपीएस घेण्याआधी दोन्ही ॲडॅप्टरवरचे अँपिअर वाचून बेरीज करा. बेरीज यूपीएसच्या क्षमतेपेक्षा जास्त निघाली तर राउटर सतत रीस्टार्ट होईल.

विजेच्या कडकडाटात कोॲक्स वायर काढून ठेवा. ती तांब्याची किंवा तांबं चढवलेली असते, झटका तिच्यातून बॉक्समध्ये आणि एचडीएमआयमधून टीव्हीत जातो. काचेच्या फायबरमधून तो येत नाही. ॲडॅप्टरच्या वाटेने मात्र येऊ शकतो, म्हणून प्लगही काढा.

डीटीएच इथे वेगळं वागतं. छतावरची छोटी डिश केयू बँड या लहरींच्या पट्ट्यावर चालते आणि मुसळधार पावसात तो सिग्नल थेंबांत विरतो. केबलवाल्यांच्या केंद्रावरच्या मोठ्या डिश प्रामुख्याने सी बँडवर असतात, म्हणून त्याच पावसात केबल टिकते. दूरदर्शनच्या डीडी फ्री डिश या डीटीएच सेवेला महिन्याचा खर्च नाही, डिश आणि बॉक्सचे पैसे एकदाच. सह्याद्री वाहिनी त्यावर आहे. शिवाय 2007 च्या कायद्यानुसार राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचं प्रक्षेपण दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीला द्यावं लागतं आणि सर्वोच्च न्यायालयाच्या 2017 च्या निकालानंतर ते दूरदर्शनच्या स्वतःच्या प्रक्षेपणावर आणि फ्री डिशवरच दिसतं, खासगी केबलवर नाही. त्यामुळे घरात ब्रॉडबँड आहे आणि वाहिन्या अधूनमधूनच लागतात, अशांसाठी फ्री डिश आणि एखादं ॲप ही जोडी आम्हाला तीनशेच्या केबलपेक्षा बरी वाटते. दक्षिण-पूर्वेकडचं आकाश मोकळं हवं, एवढीच अट.

बदल करायचाच असेल तर

केबल आधी तोडू नका. एक महिना दोन्ही ठेवा आणि घरातल्या प्रत्येकाने कोणती वाहिनी खरंच लावली ते लिहून काढा. ॲपचा वार्षिक प्लॅन लगेच घेऊ नका, आधी मासिक घ्या. यूपीआय ऑटोपे लावला असेल तर पैसे कापण्याच्या किमान 24 तास आधी सूचना येते, ती आली की हवं-नको ठरवा.

महिन्याअखेर केबल नको असं ठरलं, तर आधी बॉक्स विकत घेतलेला आहे की भाड्याचा आणि अनामत किती भरली होती ते पावतीवर पाहा. कनेक्शन बंद करण्याची विनंती फोनवर न करता ॲपवरून किंवा लेखी द्या आणि तक्रार क्रमांक ठेवा. भाड्याचा बॉक्स रिमोट आणि ॲडॅप्टरसह परत देताना त्याचा अनुक्रमांक लिहिलेली पोच घ्या. अनामत अडकली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा नंबर आहे, पण तिथेही पहिल्यांदा ती पोचच मागतील. भिंतीतली कोॲक्स वायर मात्र उपटू नका. पुन्हा केबल घ्यायची झाली तर उपयोगी पडेल, फक्त तिचं उघडं टोक टेपने बंद करून ठेवा.